लेखन पोहोचवणारी माणसे: बारामती-इंदापूरचा लेखक आणि समाजमाध्यमे

ज्या व्यासपीठांवर मजकूर लिहिणारा, वाचणारा आणि पुढे पाठवणारा असे तिघेही एकच माणूस असू शकतो, अशी फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब यांसारखी साधने म्हणजे समाजमाध्यमे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला आणि या साधनांनी ग्रामीण महाराष्ट्रातील लेखकाच्या कामात कायमचा प्रवेश केला. बारामती किंवा इंदापूर तालुक्यातील एखाद्या शिक्षिकेला, शेतकऱ्याला किंवा बँकेतून निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्याला आपला लेख प्रसिद्ध करण्यासाठी आता पुण्यातील संपादकाच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही. प्रसिद्ध होणे असे सोपे झाले असले, तरी वाचले जाणे पूर्वीइतकेच अवघड राहिले आहे. आणि या अडचणीवर बहुतेक लेखक जो उपाय करतात, तो म्हणजे मिळेल त्या ग्रुपमध्ये, मिळेल त्या वेळी, तीच लिंक पुन्हा पुन्हा टाकत राहणे, त्यातून वाचक वाढण्याऐवजी दुरावतात. वाचक वाढतो तो एखादा माणूस आपल्या ओळखीच्या दुसऱ्या माणसाला स्वतःच्या भरवशावर 'हे वाच' असे सांगतो तेव्हा. असे सांगण्यासारखे काही त्या माणसाच्या हाती देणे आणि ते सांगण्याच्या मार्गातील अडथळे दूर करणे, एवढेच लेखकाच्या हाती असते.

बारामतीला ही गोष्ट नवी नाही. कवी मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) यांचा जन्म पन्हाळ्याचा. बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयाने ते बारामतीत स्थायिक झाले, तेथे पुराणिक म्हणून त्यांनी काम केले आणि कऱ्हेकाठच्या या गावात 'आर्याभारत', 'केकावली' आणि रामकथेची कितीतरी रूपे रचली. देवनागरीत मराठी मजकूर छापला जाण्यास तेव्हा अवकाश होता, त्यामुळे या काव्याच्या प्रती हातानेच लिहिल्या जात होत्या. तरीही त्यांच्या आर्या, म्हणजे आर्या वृत्तातील दोन ओळींच्या रचना, महाराष्ट्रभर गेल्या, त्या प्रामुख्याने कीर्तनकारांच्या मुखातून. येथे लक्षात घेण्याजोगे असे, की कीर्तनकाराला पूर्वरंगात, म्हणजे आरंभीच्या निरूपणात, आणि आख्यानात, म्हणजे त्यानंतरच्या कथेत, प्रसंगाला नेमके लागू पडणारे, चटकन आठवणारे आणि दोन ओळींत पूर्ण होणारे वचन हवे असे, आणि मोरोपंतांची आर्या ही ती गरज भागवत असे. यमकामुळे ती पाठ होई, स्वयंपूर्ण असल्यामुळे ती आख्यानातून उचलून दुसरीकडे वापरता येई. पुढे परशुराम बल्लाळ गोडबोले यांनी १८५४ मध्ये सिद्ध केलेल्या 'नवनीत' या काव्यसंग्रहाने ही कविता शिकणाऱ्यांच्या हाती दिली, पण तोवर तिचा श्रोतृवर्ग तयार झालेला होता. पोहोचवणाऱ्याची गरज ओळखून लिहिलेले लेखन पोहोचते, ही गोष्ट समाजमाध्यमांच्या कोणत्याही मार्गदर्शकापेक्षा या उदाहरणातून अधिक स्पष्ट होते.

छपाईच्या काळातही हेच दिसते. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये सुरू झालेले 'किर्लोस्कर खबर' हे मुळात लोखंडी नांगर आणि इतर यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याचे, आपल्या गिऱ्हाइकांशी आणि विक्रेत्यांशी संबंध ठेवण्यासाठी काढलेले पत्र होते. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ते 'किर्लोस्कर' हे मोठे मासिक झाले आणि 'स्त्री' व 'मनोहर' ही त्याची भावंडे निघाली. ज्यांच्याशी व्यवहाराचा संबंध आधीच होता, अशा माणसांपासून या मासिकाचा वाचकवर्ग वाढत गेला.

आजच्या माध्यमांत या पोहोचवणाऱ्या माणसांच्या जोडीला एक यंत्रणा आली आहे. फेसबुक किंवा इन्स्टाग्राम उघडल्यावर कोणाला कोणती पोस्ट आधी दिसावी हे ठरवणाऱ्या संगणकीय नियमावलीला अल्गोरिदम म्हणतात. वाचणारा कोणत्या मजकुरावर थांबतो, कशावर प्रतिक्रिया देतो, कोणाशी वारंवार बोलतो यांवरून ही नियमावली अंदाज बांधते आणि ज्यामुळे माणूस त्या ॲपवर अधिक काळ राहील, असा मजकूर पुढे करते. त्यामुळे पेजला पाच हजार फॉलोअर असणे म्हणजे पोस्ट पाच हजार जणांना दिसणे नव्हे, आणि दिसणे म्हणजे वाचले जाणे तर मुळीच नव्हे. फेसबुकने २०१८ च्या जानेवारीत मित्र आणि कुटुंबीय यांच्या पोस्टना पेजच्या पोस्टपेक्षा प्राधान्य देण्याचे जाहीर केले, तेव्हा वर्षानुवर्षे पेजवर मेहनत घेतलेल्या असंख्य लेखकांची आणि छोट्या प्रकाशनांची पोहोच त्यांची काहीही चूक नसताना घटली. २०२० च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा ग्रामीण कलावंतांनी तेथे मिळवलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. ही सर्व व्यासपीठे भाड्याच्या जागेसारखी आहेत. तेथे दुकान जरूर मांडावे, पण गिऱ्हाइकांची वही स्वतःजवळ ठेवावी. ही वही कशी ठेवावी याचा विचार पुढे येईल. त्याआधी, पुढे पाठवण्याजोगे म्हणजे नेमके काय, ते पाहिले पाहिजे.

इंदापूर तालुक्यात याचे उत्तम उदाहरण उजनी धरणाच्या रूपाने समोरच आहे. भीमेवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याचा फुगवटा, म्हणजे धरणाच्या भिंतीमागे पसरलेले पाणी, भिगवण, कुंभारगाव, पळसदेव या भागापर्यंत आला. दर उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये गेली' हे वाक्य या परिसरातील प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू येते आणि 'उणे इतके टक्के' अशी आकडेवारी ग्रुपवरून फिरू लागते. परंतु पाणी शून्याच्या खाली जाते म्हणजे नेमके काय होते, हे त्या संदेशात नसते. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट आहे; त्यांपैकी सुमारे ६४ टीएमसी हा मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी हिशेबात न धरलेला खालचा साठा, आणि उरलेला सुमारे ५३ टीएमसी हा उपयुक्त साठा होय. टक्केवारी काढली जाते ती उपयुक्त साठ्यावर. म्हणून उणे ५० टक्के याचा अर्थ मृतसाठ्यातील सुमारे २७ टीएमसी पाणी वापरून झाले आहे आणि धरणात अजून ३६-३७ टीएमसी पाणी आहे, असा होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ही पातळी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. एवढा हिशेब सोप्या मराठीत, एका आकृतीसह, गावांची नावे घालून लिहिणारा लेखक दरवर्षी मार्च ते जून या काळात वाचला जाईल, कारण तो प्रश्न दरवर्षी हजारो लोकांना पडतो आणि उत्तर मिळाले की ते पुढे पाठवावेसे वाटते.

पळसदेवच्या जुन्या मंदिराचेही तसेच आहे. फुगवट्याखाली गेलेल्या जुन्या गावातील पळसनाथाचे मंदिर पाणी ओसरले की उघडे पडते, त्याची छायाचित्रे आणि ड्रोनने घेतलेल्या चित्रफिती सर्वत्र जातात, आणि त्यांखाली बहुधा 'पाण्यातून वर आलेले अद्भुत मंदिर' एवढेच लिहिलेले असते. छायाचित्रकाराला पाहणारे मिळतात, पण गाव कोणते, तेथून उठलेली माणसे कोठे वसली, शिल्पे कोणत्या प्रकारची आहेत, हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्याला काहीच मिळत नाही. लेखकाची जागा नेमकी तेथे आहे. मात्र असा लेख पाणी ओसरल्यावर लिहायला घेणे उशिराचे असते. तो हिवाळ्यातच तयार ठेवावा, मंदिर दिसू लागताच प्रसिद्ध करावा आणि पुढच्या वर्षी त्यात भर घालून पुन्हा पुढे आणावा. हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावला येणारे रोहित पक्षी, आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून निघाल्यावर काटेवाडीला अंथरल्या जाणाऱ्या धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकीचा मुक्काम, कारखान्यांचे गाळप सुरू होण्याच्या सुमाराला उठणारी ऊसदराची चर्चा, असे या दोन तालुक्यांचे स्वतःचे वार्षिक चक्र आहे आणि लेखनाचे वेळापत्रक त्यावर बसवता येते. 'पोस्ट किती वाजता टाकावी' या विषयावर पुष्कळ सल्ले दिले जातात. कोणत्या आठवड्यात टाकावी हा प्रश्न त्याहून कितीतरी महत्त्वाचा आहे.

विषय स्थानिक असला म्हणजे वाचकही स्थानिकच असतील, असे मात्र नव्हे. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर हे वालचंद हिराचंद यांनी साखर कारखान्याभोवती १९३० च्या दशकात उभारलेले उद्योगनगर. तेथे नोकरीला आलेल्या कुटुंबांची मुले शिकून पुणे, मुंबई आणि परदेशात गेली. अशा माणसांना आपल्या गावाविषयी नेमकेपणाने लिहिलेले काही मिळाले, तर ती ते आपल्या वर्गमित्रांना, भावंडांना, जुन्या शेजाऱ्यांना पाठवतात, आणि अनेकदा लेखकाला चूक दाखवून किंवा जुने छायाचित्र पाठवून लेख अधिक चांगला करतात. 'जीवनात सकारात्मक कसे राहावे' यावरील लेखाला असे पोहोचवणारे मिळत नाहीत, कारण तो कोणाचाही असू शकतो.

मजकूर सापडण्याजोगा असणे ही यापुढची पायरी. या भागातील अनेक साप्ताहिकांचा आणि स्मरणिकांचा मजकूर अजूनही छापखान्यासाठी बनवलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित होतो. तो तसाच फेसबुकवर चिकटवला तर निरर्थक चिन्हे उमटतात, आणि त्याचे छायाचित्र टाकले तर शोधयंत्राला ते वाचता येईल याचा भरवसा नसतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, वापरून टंकलेला मजकूर कोणत्याही फोनवर दिसतो आणि शोधात सापडतो. शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात गावाचे, नदीचे, पिकाचे नाव स्पष्ट यावे. 'माझ्या गावची व्यथा' अशा शीर्षकाचा लेख कोणालाही सापडणार नाही. हॅशटॅग, म्हणजे शब्दाआधी विशिष्ट चिन्ह लावून एका विषयाच्या पोस्ट एकत्र बांधण्याची सोय, देवनागरीतही चालते, पण दोन-तीन नेमक्या शब्दांपलीकडे तिचा मारा केल्याने काही साधत नाही. याउलट पहिल्या दोन ओळींवर जितकी मेहनत घ्यावी तितकी थोडी, कारण फेसबुक आणि व्हॉट्सॲप दोन्हीकडे लांब मजकूर मध्येच तोडला जातो आणि बाकीचा भाग उघडायचा की नाही, हे वाचक त्या दोन ओळींवरून ठरवतो. नमस्कार, शुभेच्छा आणि प्रस्तावना यांत त्या ओळी खर्च झाल्या, तर पुढचा लेख कितीही चांगला असो, तो वाचला जात नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात वाचनाचा खरा व्यवहार होतो तो व्हॉट्सॲपवर, म्हणून त्याचे नियम नीट समजून घेणे आवश्यक आहे. अफवांमुळे घडलेल्या हिंसेनंतर २०१८ मध्ये या कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असे केले. त्यामुळे 'व्हायरल' होण्याची आशा धरण्यापेक्षा योग्य पाच ठिकाणी जाणे हेच तेथे हिताचे आहे. ग्रुप, ब्रॉडकास्ट यादी आणि चॅनेल या तीन सोयींत मोठा फरक आहे. ग्रुपमध्ये सर्वांना सर्वांचे क्रमांक दिसतात. ब्रॉडकास्ट यादीतून गेलेला संदेश ज्याने पाठवणाऱ्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच मिळतो. आणि २०२३ च्या सप्टेंबरात भारतात आलेल्या चॅनेलमध्ये अनुसरणाऱ्यांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत. हा शेवटचा मुद्दा वरवर तांत्रिक वाटला, तरी स्त्री वाचकांच्या दृष्टीने तो निर्णायक आहे. अनोळखी पुरुषांच्या ग्रुपमध्ये आपला क्रमांक उघडा पडेल, रात्री-बेरात्री संदेश येतील, या रास्त भीतीने कितीतरी स्त्रिया वाचनाच्या ग्रुपपासून दूर राहतात. जो लेखक त्यांच्यासाठी चॅनेलची वाट उघडी ठेवतो, त्याला हा मोठा वाचकवर्ग मिळू शकतो. चॅनेलवर चर्चा होत नाही, ही त्याची उणीव खरी. म्हणून चर्चेसाठी वेगळा, लहान आणि नियम पाळणारा ग्रुप असावा. भावकीच्या, गावकीच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर लेख टाकण्याआधी ॲडमिनला विचारावे आणि लिंकबरोबर हा लेख या ग्रुपला का पाठवला, हे एका वाक्यात लिहावे. चोवीस तासांत नाहीसे होणारे स्टेटस हे साधनही क्षुल्लक समजू नये, कारण ते पाहणाऱ्याने स्वतःहून उघडलेले असते.

व्हॉट्सॲपवर लेखकाची सर्वांत मोठी हानी होते ती नाव गळण्याने. लेख नकलून पुढे जातो, तळाचे नाव कोणीतरी काढतो, आणि काही दिवसांनी तोच मजकूर पु. ल. देशपांडे यांच्या किंवा एखाद्या अभिनेत्याच्या नावाने परत येतो. हा अन्याय मूळ लेखकावर जितका होतो, तितकाच ज्याच्या नावावर तो खपवला जातो त्या थोर लेखकावरही होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनावरील हक्क ते निर्माण होताच लेखकाला मिळतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो, आणि त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने आपल्या कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा स्वतंत्र हक्क दिला आहे. तथापि प्रत्येक ग्रुपमागे धावणे कोणालाही शक्य नसते. लेख आधी स्वतःच्या ठिकाणी दिनांकासह प्रसिद्ध करणे, व्हॉट्सॲपवर पूर्ण मजकुराऐवजी सारांश आणि लिंक देणे, आणि स्वतःचे व गावाचे नाव केवळ तळाशी न ठेवता मजकुराच्या ओघात एकदा गुंफणे, हे उपाय अधिक उपयोगी पडतात.

बारामतीच्या लेखकापुढे आणखी एक मोह उभा असतो. या तालुक्याचे नाव राज्याच्या राजकारणाशी इतके जोडलेले आहे, की कोणत्याही नेत्याविषयी चार ओळी लिहिल्या तर शेकडो प्रतिक्रिया येतात आणि अल्गोरिदमही त्या पोस्टला पुढे ढकलतो. पण प्रतिक्रिया देणारी ही माणसे भांडणासाठी आलेली असतात; पुढच्या आठवड्यात त्याच लेखकाने खोडव्याच्या, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या, व्यवस्थापनावर किंवा कऱ्हेच्या जुन्या घाटांवर लिहिले, तर त्यांतील फार थोडी परत येतात, आणि मधल्या काळात अभ्यासपूर्ण लेखासाठी येणारा शांत वाचक मात्र निघून गेलेला असतो. राजकारणावर लिहूच नये असे नव्हे. ज्याचा तो अभ्यासाचा विषय आहे त्याने अवश्य लिहावे. प्रतिक्रियांच्या आकड्यासाठी लिहिणे हा मात्र स्वतःच्या वाचकवर्गाचा घात आहे.

विश्वास हा या सगळ्यामागचा आधार आहे आणि शेतीविषयक लेखनात तो विशेष जपावा लागतो. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या शारदानगर येथील कृषी विज्ञान केंद्राने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी त्याविषयीची चित्रफीत 'एक्स' या माध्यमावर दिली, तेव्हा इलॉन मस्क यांनीही तिला प्रतिसाद दिला आणि बारामतीचे नाव काही दिवस जगभर फिरले. त्या लाटेत मराठीतही असंख्य पोस्ट निघाल्या, परंतु बहुतेकांनी तीच चित्रफीत पुन्हा दाखवली. जवळच्या शेतकऱ्याला हवे होते ते वेगळेच: शेतात कोणती उपकरणे बसवावी लागतात, एकरी खर्च किती, 'आडसाली' आणि 'सुरू' या वेगवेगळ्या हंगामांत लावलेल्या उसात फरक पडतो का, लहान क्षेत्राला ते परवडते का. हे प्रश्न घेऊन शेताच्या बांधावर जाणाऱ्या लेखकाला त्या दिवसांत कमी लोकांनी पाहिले असते, पण ज्यांनी वाचले असते त्यांनी त्याचे नाव लक्षात ठेवले असते. खते किंवा औषधे विकणाऱ्यांकडून मोबदला घेऊन लिहिलेल्या मजकुरावर तसा स्पष्ट उल्लेख असलाच पाहिजे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर प्रभाव असलेल्या व्यक्तींसाठी तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, आणि ती नसती तरी चुकीच्या शिफारशीने ज्याचे पीक गेले तो शेतकरी त्या लेखकाकडे पुन्हा फिरकणार नाही.

आता गिऱ्हाइकांच्या वहीकडे वळता येईल. ज्या वाचकाने प्रतिसाद दिला, प्रश्न विचारला किंवा लेख मागितला, त्याचे नाव, गाव, विषयाची आवड आणि त्याच्या परवानगीने क्रमांक किंवा ईमेल यांची यादी लेखकाने स्वतःजवळ ठेवावी. ती कोणाला देऊ नये, आणि नको म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी काढावे. वाचकांचे प्रश्न हेच पुढच्या लेखांचे विषय असतात, म्हणून आठवड्यातील एखादा तास केवळ उत्तरे देण्यासाठी राखून ठेवणे हे नवी पोस्ट लिहिण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. या यादीचा सर्वांत ठोस उपयोग पुस्तक काढताना होतो. प्रकाशनपूर्व नोंदणीची, म्हणजे पुस्तक छापण्याआधीच सवलतीच्या दरात मागणी घेण्याची प्रथा मराठी प्रकाशनव्यवहारात जुनीच आहे. गावानुसार लावलेली दोनशे-तीनशे नावे हाती असली, तर किती प्रती छापाव्यात याचा अंदाज येतो, छपाईचा काही खर्च आधी उभा राहतो, आणि भिगवण, वालचंदनगर, निमगाव केतकी किंवा बारामती यांपैकी कोणत्या वाचनालयात प्रकाशनाचा कार्यक्रम ठेवला म्हणजे वाचक प्रत्यक्ष येतील, हेही त्या यादीवरूनच ठरवता येते.